एक निनावी चिठ्ठी

धर्मगुरूच्या दैनंदिनीत काही आठवडे असे येतात की, त्यांत प्रार्थना सोडून बाकी सर्व काही होते. २०२५ सालच्या जानेवारीतील २० ते २५ तारखांचा आठवडा आमच्या वाट्याला असाच आला. एरवी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करण्याचा आठवडा. वसईच्या वाड्यांवर त्या दिवसांत सकाळी धुके उतरते, केळीच्या पानांवरून दव ठिबकत असते आणि पहिल्या मिस्सेला येणारी वडीलधारी मंडळी कानांभोवती मफलर गुंडाळून बसतात. अशा वेळी मनही थोडे शांत असावे अशी अपेक्षा. परंतु आम्ही या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू, तसेच चर्चच्या आवारातील माध्यमिक शाळेचे व्यवस्थापकही. त्या आठवड्यात दहावीची पूर्वपरीक्षा होती आणि त्याच आठवड्यात चार पाहुण्या वक्त्यांची व्याख्यानेही होती.

हा गोंधळ सर्वस्वी आमचाच होता. नाताळच्या दिवसांत भेटीस येणाऱ्या मंडळींना आम्ही मोठ्या उत्साहाने 'जानेवारीत या, मुलांशी दोन शब्द बोला' असे म्हटले आणि तारखा देऊन टाकल्या. मुख्याध्यापिका बाईंनी परीक्षेचे वेळापत्रक समोर ठेवले तेव्हा बोलावणी मागे घेण्यास उशीर झाला होता. परीक्षा मंडळाने कॉपीमुक्त परीक्षेसाठी जनजागृती करावयास सांगितली होती, तीही त्याच दिवसांत. बाई काही बोलल्या नाहीत. 'बघू, फादर,' एवढेच म्हणाल्या. ज्यांनी शाळा चालवली आहे त्यांना या 'बघू'चा अर्थ कळेल.

सोमवारी सकाळी परिपाठाच्या वेळी आम्ही दहावीच्या चौऱ्याऐंशी मुलांपुढे उभे राहिलो. शाळेच्या फाटकावर एक फलक होता: 'शंभर टक्के निकालाची परंपरा'. २०२२ पासून सलग तीन वर्षे आमच्या शाळेचा निकाल तसा लागला होता. त्या फलकाकडे बोट दाखवून आम्ही म्हणालो, "मुलांनो, ही परंपरा आता तुमच्या हाती आहे. तुमच्यातील एकाच्याही हातून ती तुटता कामा नये." मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हांला आमचे भाषण बरे वाटले. ते वाक्य पाच दिवसांनी आमच्याकडे परत येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

परीक्षा रीतीप्रमाणे सुरू झाली. पालकांच्या माहितीसाठी सांगतो की, दहावीचा भाषेचा पेपर ऐंशी गुणांचा व तीन तासांचा असतो, उरलेले वीस गुण शाळेकडे असतात. गणिताचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर, बीजगणित व भूमिती. विज्ञानाचेही तसेच दोन. उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुण लागतात. हे सर्व गणित मुलांना तोंडपाठ असते. आईबापांना मात्र बहुधा फक्त शेवटचा आकडा ठाऊक असतो.

दोन शिक्षक आजारी असल्यामुळे मंगळवारी आणि बुधवारी एका वर्गावर आम्ही स्वतः पर्यवेक्षक म्हणून उभे राहिलो. अठ्ठावीस मुले, अठ्ठावीस बाके. वीस वर्षे आम्ही या वयाची मुले दर रविवारी समोर पाहत आलो आहोत. परंतु प्रवचन करणारा मनुष्य स्वतः बोलत असतो, त्यामुळे त्याला समोरचे चेहरे नीट दिसत नाहीत. पर्यवेक्षकाला बोलावयाचे नसते. एक मुलगी प्रत्येक प्रश्न लिहिण्यापूर्वी क्रूसाची खूण करीत होती. एक मुलगा पहिल्या अर्ध्या तासात जे लिहावयाचे ते लिहून खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहत बसला होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने कोऱ्या पानावर हात ठेवला, जणू ते पान म्हणजे एखादी जखम होती. आम्ही त्याला 'लिही, लिही' असे खुणावले आणि पुढे गेलो. याहून अधिक काय करावे, हे आम्हांला सुचले नाही.

पेपर संपला की मुलांनी डबा खावा आणि सभागृहात यावे, असा क्रम होता. मंगळवारी पोलीस खात्यातील एक अधिकारी आले. मोबाईलवरून होणारी फसवणूक, अनोळखी व्यक्तींशी मैत्री यांविषयी ते सोप्या भाषेत बोलले. बुधवारी एका शिकवणी वर्गाचे मार्गदर्शक आले. त्यांनी पडद्यावर मोठमोठ्या पगारांचे आकडे दाखवले आणि नव्वद टक्क्यांच्या खाली जग नाही, असे पुन्हा पुन्हा सांगितले. बीजगणिताचा पेपर देऊन आलेली मुले ते ऐकत होती. आभार मानताना आम्ही त्या व्याख्यानास 'प्रेरणादायी' म्हटले. गुरुवारी शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. तो आता परदेशी जहाजावर अभियंता आहे. त्याने आपल्या यशाची कथा सांगितली. ती खरी होती आणि चांगलीही होती. तथापि तीन दिवसांत तीन मोठ्या माणसांनी मुलांना काय करावे ते सांगितले, आणि मुलांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. सकाळी त्यांना प्रश्न विचारले जात होते, दुपारी त्यांना उत्तरे दिली जात होती. त्यांना स्वतःला काही विचारावयाचे आहे का, हे विचारण्यास त्या आठवड्याच्या वेळापत्रकात जागाच नव्हती.

शुक्रवारी एक वयस्क धर्मभगिनी आल्या. त्यांची हयात रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली आहे आणि आता त्या समुपदेशनाचे काम करतात. व्यासपीठावर ठेवलेली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून खाली मुलांजवळ आणली. मग प्रत्येकाला कोऱ्या कागदाचा एकेक तुकडा दिला. "नाव लिहू नका. जे कुणाला विचारता येत नाही ते लिहा. काही नसेल तर कागद कोराच घडी करून टाका, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही ते कळणार नाही," असे त्या म्हणाल्या. शिक्षकांना व आम्हांला त्यांनी बाहेर थांबावयास सांगितले. आमच्याच सभागृहाच्या बाहेर आम्ही वीस मिनिटे उभे राहिलो.

सायंकाळी सिस्टर आणि आम्ही कार्यालयात बसून त्या चिठ्ठ्या उलगडल्या. निम्म्याहून अधिक कोऱ्या होत्या. काहींत अभ्यासाचे प्रश्न होते, काहींत शरीराविषयीचे, दोघांनी जेवणाच्या सुट्टीबद्दल तक्रार केली होती. एका चिठ्ठीत एवढेच लिहिले होते:

'माझ्यामुळे शंभर टक्के निकाल हुकला, तर मी घरी कसे जायचे?'

अक्षर बरे होते. चूक एकही नव्हती. मुलगा की मुलगी तेही कळण्यास मार्ग नव्हता. सिस्टरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि आमच्या हाती दिली. 'शंभर टक्के' हे शब्द आमचे होते. सोमवारी सकाळी आम्हीच ते दिले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एकाच वर्षी आपल्या देशात १३,०००हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. असे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. ही चिठ्ठी उलटता येत नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, "फादर, अक्षर ओळखण्याचा प्रयत्न करू नका. नाव कळणार नाही असा शब्द मी त्यांना दिला आहे. एकदा तो मोडला, तर पुढच्या वेळी सगळेच कागद कोरे येतील." कुमसार ऐकणाऱ्या माणसाला विश्वासाची ही गोष्ट दुसऱ्याने सांगावयास नको होती. "पण सिस्टर, त्या मुलाचे काही बरेवाईट झाले तर?" असे आम्ही विचारले. "म्हणूनच एकाला शोधू नका. सगळ्यांकडे जा," असे त्या म्हणाल्या.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही कार्यालय उघडले, तपासण्यासाठी बांधून ठेवलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि ती चिठ्ठी शेजारी ठेवून अर्धा तास अक्षरे ताडून पाहिली. तीन मुलांवर आमचा संशय गेला. तिघेही अभ्यासात मागे असलेले. त्यांत तो खिडकीबाहेर पाहणारा मुलगाही होता. मग आमच्या ध्यानी आले की, आम्ही अक्षर पाहतच नव्हतो. कमी गुण मिळवणाऱ्यांचीच पाने तेवढी उलटत होतो. भय फक्त त्यांनाच वाटत असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. आम्ही गठ्ठा पुन्हा बांधला.

झोप येईना. सेमिनरीतील पहिल्या वर्षीची आठवण आली. तत्त्वज्ञानाच्या एका विषयात आम्ही नापास झालो होतो. घरी पत्र लिहिले तेव्हा कारणे अशी काही गुंफली होती की, वाचणाऱ्याला प्राध्यापकांचीच कीव यावी. पुढच्या भेटीच्या रविवारी वडील आले. पहाटेची गाडी पकडून, धोतराच्या सोग्यात बांधलेली सुकेळी घेऊन आले. बाकावर शेजारी बसून त्यांनी गावच्या पाण्याची, गाईची, शेजारच्या लग्नाची हकीकत सांगितली. निकालाबद्दल एक शब्द विचारला नाही. निघताना म्हणाले, "मे महिन्यात येशील तेव्हा विहिरीचा गाळ काढायचा आहे. तू लागशील." त्या एका वाक्यात आम्ही घरी यावयाचे आहे, हे ठरलेले होते. आम्ही पुढे पास झालो ते त्या वाक्याच्या बळावर.

आम्हां धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हिएनी यांना लॅटिन जमत नसे आणि सेमिनरीच्या परीक्षेत तेही नापास झाले होते. १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली ती त्यांच्या वतीने शब्द टाकणारा एक वडीलधारा धर्मगुरू भेटला म्हणून. दरवर्षी ४ ऑगस्टला आम्ही त्यांच्यावर प्रवचन करतो; आणि आमच्याच शाळेच्या फाटकावर असा फलक लावतो की, ज्याच्याखालून तो संतही मान खाली घालून गेला असता!

शनिवारी इतिहासाचा पेपर सुरू होण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्या चौऱ्याऐंशी मुलांपुढे उभे राहिलो. चिठ्ठी वाचून दाखवली नाही. एवढेच म्हणालो, "सोमवारी आम्ही तुम्हांला एक चुकीची गोष्ट सांगितली. शाळेचा निकाल ही शाळेची जबाबदारी आहे. ती तुमच्या एकट्यादुकट्याच्या खांद्यावर ठेवण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. आम्ही ते शब्द मागे घेतो. तुमच्यातील कोणी नापास झाले तर त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी जेवायला येऊ." शेवटच्या वाक्यावर थोडे हसू पसरले. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत. सिस्टर दिवसभर ग्रंथालयाच्या खोलीत दार उघडे ठेवून बसल्या. फळ्यावर त्यांनी दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिले: मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक आधारासाठीचा १४४१६. दोन्ही क्रमांकांवर फोन करण्यास पैसे लागत नाहीत. ते आजही त्या फळ्यावर आहेत.

फलक उतरवण्याचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. शालेय समितीच्या बैठकीत एक सभासद कळवळून म्हणाले, "फादर, आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या आहेत. आपली चार तुकड्यांची शाळा तीन तुकड्यांवर आली. उद्या पटसंख्या आणखी घटली, तर शिक्षक अतिरिक्त ठरतील. त्या फलकावर आपले प्रवेश चालतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मराठी शाळा टिकवण्याची धडपड त्यांनी आमच्याहून अधिक केली आहे. त्यांना उत्तर देताना आम्हांला आणखी एक गोष्ट सांगावी लागली. दोन वर्षांपूर्वी नववीतील दोन मुलांना 'तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा' असे शाळेतर्फे सुचवण्यात आले होते. त्या कागदावर सही आमची होती. आमच्या शंभर टक्क्यांत ती दोन मुले धरलेलीच नाहीत. बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. फलक उतरवण्यास मत कमी पडले. तथापि परीक्षा होईपर्यंत तो झाकून ठेवावा, असे ठरले.

सोमवारी, २७ जानेवारीपासून, आम्ही घरोघर जाण्यास प्रारंभ केला. शुभवर्तमानातील मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या मागे जातो. त्या दाखल्यावर आम्ही किती वेळा बोललो असू! परंतु हरवलेले मेंढरू कोणते हेच ठाऊक नसेल तर? मग प्रत्येक मेंढरू हरवले आहे असे समजून निघावे लागते. मुख्याध्यापिका बाई, पाच शिक्षक आणि आम्ही असे सात जण. प्रत्येकी बारा घरे. २१ फेब्रुवारीला बोर्डाचा पहिला पेपर होता.

आमच्या वाट्याला आलेल्या बारा घरांपैकी काही सांगतो. एका वाडीवरच्या घरी मुलगी पहाटे उठून आईबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडते, ती फुले पहिल्या गाड्यांनी दादरला जातात आणि मग ती पुस्तक उघडते. वर्गात ती पेंगते म्हणून आम्ही तिला एकदा रागावलो होतो. नालासोपाऱ्याच्या एका चाळीत वडील रिक्षा चालवतात. मुलगा पास झाला तर त्यांच्या घराण्यातील तो पहिला दहावी होईल. त्यांनी पेढ्यांचे दुकानही ठरवून ठेवले होते. ते हे आनंदाने सांगत होते आणि मुलगा जमिनीकडे पाहत होता. एका सुस्थितीतील घरी वर्गात नेहमी पहिल्या तिघांत येणाऱ्या मुलाच्या आजीने आम्हांला दारापर्यंत सोडताना हळूच सांगितले, "फादर, हा रात्री झोपत नाही. एक मार्क गेला तरी जेवत नाही." आमच्या त्या रात्रीच्या गठ्ठ्यात या मुलाची उत्तरपत्रिका आम्ही उघडूनही पाहिली नव्हती.

आणि महामार्गापलीकडच्या एका आदिवासी पाड्यावर, वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका माउलीला आम्ही विचारले, "बाई, मुलगी नापास झाली तर?" तिला प्रश्नच कळेना. आम्ही पुन्हा विचारला. ती हसली आणि म्हणाली, "नापास झाली तर काय, घरीच येणार की, फादर. दुसरीकडं कुठं जाईल?" मुलगी दाराआड उभी होती. तिने ते ऐकले. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही चार वक्ते बोलावले आणि स्वतः सेमिनरीत इतकी वर्षे घालवली, ते उत्तर त्या माउलीने डोक्यावरचे सरपण खाली न ठेवताच दिले.

उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे आम्ही पुन्हा एकदा मनन केले. तो मुलगाही वाटेत हाच विचार करीत होता की, घरी कसे जायचे. बापाला काय सांगावे याची त्याने घोकंपट्टी केली होती. त्याचे पाठ केलेले उत्तर पुरते ऐकून घेण्याआधीच बापाने त्याला मिठी मारली. आपल्या घरांतून मात्र आपण ते उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि वर त्याला गुणही देतो.

चौऱ्याऐंशीही मुले परीक्षेस बसली. १३ मे रोजी निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. आमच्या शाळेतील एक्क्याऐंशी मुले उत्तीर्ण झाली, तिघे राहिले. गुणपत्रिकेवरून आता 'नापास' हा शब्द काढून टाकला आहे, ही चांगली गोष्ट झाली; परंतु तो शब्द गावाच्या तोंडून अजून गेलेला नाही. त्या संध्याकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे तिन्ही घरी गेलो. पहिल्या घरी आई रडत होती, दुसऱ्या घरी आम्ही येणार म्हणून कोंबडी शिजत होती. तिसऱ्या घरी बाप बोलेना, तेव्हा आम्ही त्याच्या शेजारी ओट्यावर बसून पावसाच्या व बियाण्याच्या गोष्टी काढल्या. वडिलांची ती जुनी विद्या तेवढी आमच्यापाशी होती. तिघांपैकी दोघे पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झाले. तिसरा, तो चिंचेकडे पाहणारा मुलगा, मामाच्या होडीवर जातो आणि पुन्हा बसणार आहे. सतरा नंबरच्या त्या दोन मुलांच्या घरीही आम्ही गेलो. एकाच्या वडिलांनी आम्हांला आत बोलावले नाही. तो त्यांचा अधिकार होता.

फलक अजून झाकलेलाच आहे. निकालानंतर त्यावर लिहिण्यासारखे काही उरलेही नाही. येत्या बैठकीत तो कायमचा उतरवण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत.

ती चिठ्ठी कोणाची, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. ती आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे आणि सायंप्रार्थनेच्या वेळी ते पान उघडते. वाचकहो, कदाचित ते मूल तुमच्या घरचे असेल, कदाचित शेजारच्या घरचे. पुढील परीक्षेपूर्वी एका संध्याकाळी जपमाळ झाल्यावर त्याला जवळ बसवा. अभ्यास किती झाला ते त्या दिवशी विचारू नका. मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायचा असेल, छप्पर शाकारायचे असेल, मावशीकडे जायचे असेल, तर त्या कामात त्याचे नाव आतापासून घाला. निकाल कसाही लागो, त्या दिवशी आपण घरी हवे आहोत, हे त्याला तेवढ्यावरून कळेल.